लेडीबर्न : नऊ वर्षं चाललेली डिस्टिलरी

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं गर्वन. विल्यम ग्रँट अँड सन्स या व्हिस्की कंपनीनं १९६३ साली इथं नऊ महिन्यांत भलीमोठी ग्रेन डिस्टिलरी उभी केली. १९६६ मध्ये त्याच आवारात तांब्याच्या चार भट्ट्या बसल्या. तीच माल्ट व्हिस्कीची लेडीबर्न.

ब्लेंडला, म्हणजे मिश्र व्हिस्कीला, ग्रेन आणि माल्ट दोन्ही लागतात. ग्रेन व्हिस्की उंच स्तंभांतून अखंड निघते, हलकी आणि स्वस्त. माल्ट व्हिस्की फक्त मोड आणलेल्या जवाची, आणि ती घाण्याघाण्यानं काढावी लागते.

भरडलेल्या माल्टवर साधारण ६४ अंशांचं पाणी सोडतात. पिष्टाची साखर होते. निथळलेलं गोड पाणी गार करून यीस्ट घातलं की दोन-तीन दिवसांत आठेक टक्के अल्कोहोल तयार. मग ते लागोपाठ दोन भट्ट्यांतून उकळून काढतात. पहिल्या भट्टीत आच जास्त झाली तर फेस थेट नळीत चढतो आणि उतरणारा माल नासतो. दुसऱ्या भट्टीत खरं कसब. आपल्याकडे पहिल्या धारेचं कौतुक. इथं ती उग्र म्हणून बाजूला काढतात. मधली धार तेवढी पिंपात जाते. शेवटची तोडायला उशीर झाला, तर तेलकट, ओल्या चामड्यासारखा वास उतरतो आणि तो पिंपात वर्षानुवर्षं राहतो. बाजूला काढलेल्या दोन्ही धारा पुढच्या घाण्यात.

इतक्या मेहनतीचा माल जवळजवळ सगळा ब्लेंडमध्ये मिसळला गेला. लेडीबर्नला बाजारात स्वतःचं नाव मिळालंच नाही, आणि आमच्या मते तिचं खरं दुबळेपण हेच. कंपनीकडे ग्लेनफिडिक आणि बालव्हेनी या माल्ट डिस्टिलऱ्या होत्याच. १९७५ मध्ये भट्ट्या थंडावल्या, पुढच्या वर्षी निघाल्याही. ग्रेन डिस्टिलरीच्या पोटातल्या इतर माल्ट डिस्टिलऱ्यांचंही तेच झालं: ग्लासगोची किन्क्लेथ १९७५ मध्ये, इन्व्हरगॉर्डनची बेन विव्हिस १९७७ मध्ये बंद पडली.

गर्वनच्या आवारात २००७ साली एल्सा बे ही नवी माल्ट डिस्टिलरी सुरू झाली.

लेडीबर्नची उरलेली पिंपं मात्र कायम ठेवता येत नाहीत. दरवर्षी सुमारे दोन टक्के माल हवेत उडतो, अल्कोहोलही उतरत जातं, आणि ते ४० टक्क्यांखाली गेलं की कायद्यानं ती व्हिस्की म्हणून विकता येत नाही. वेळीच बाटलीत भरावी लागते. बाहेरच्या बाटलीकारांनी भरलेला काही माल ‘रेअर आयरशायर’ नावानं विकला गेला. बाटली घेताना व्हिस्की गाळल्याचं साल बघा. १९६६ ते १९७५ च्या बाहेरचं असेल, तर माल लेडीबर्नचा नाही.