पावडर टाकली म्हणजे टाकी धुतली असं नाही

(दृश्य: गच्चीवरची टाकी, झाकण सरकवताना)

हे झाकण बघा. नीट बसतच नाही, कडेला चीर गेलीय, वाऱ्याने उडू नये म्हणून वर वीट ठेवलीय आणि त्या चिरेतून बोट सहज आत जातंय. म्हणजे पाल, झुरळ, पक्ष्यांची घाण धुऊन आलेलं पावसाचं पाणी, सगळ्यांना वाट मोकळी. खाली नळाला याच टाकीचं पाणी येतं आणि ग्लासात धरलं तर एकदम स्वच्छ दिसतं, त्यामुळे वर चढून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही.

(दृश्य: टॉर्चचा उजेड टाकीच्या तळाकडे)

आत बघू. वरचं पाणी नितळ. टॉर्च खाली नेला की तो तपकिरी थर दिसायला लागतो, दोन बोटं तरी जाड असेल. हा कुणी आणून टाकलेला नाही. रोजच्या पाण्याबरोबर चिमूटभर माती, पाइपातला गंज असं काहीबाही येत राहतं, पाणी थांबलं की ते खाली बसतं. बाहेर जाणारा पाइप तळापासून जरा वर असतो म्हणून नळाला लगेच कळत नाही, पण टाकी संपत आली किंवा पाणी जोरात भरलं की सगळं ढवळून निघतं आणि एक दिवस गढूळ पाणी येतं. मग आपण म्हणतो की मागूनच घाण पाणी सोडलंय. कधीकधी तसं असतंही, पण आधी आपली टाकी बघा ना.

या गाळाचा खरा त्रास वेगळाच आहे. शुद्ध केलेल्या पाण्यात बहुतेक ठिकाणी क्लोरीन घालतात आणि तो नळापर्यंत थोडा शिल्लक राहायला हवा, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम. उन्हात तापलेल्या टाकीत तो भराभर कमी होतो आणि उरलासुरला गाळातल्या घाणीत खर्ची पडतो. म्हणजे तिकडून चांगलं आलेलं पाणी आपल्याच डोक्यावर येऊन बिघडतं.

(दृश्य: क्लोज-अप, हातमोज्यातलं बोट टाकीच्या भिंतीवरून फिरतंय)

हा शॉट मुद्दाम लांबवलाय. बोट फिरवलं की मागे स्वच्छ पट्टा उमटतो आणि बोटावर बुळबुळीत लगदा येतो, जिथे उजेड पोचतो तिथे हिरवं शेवाळ, बाकी ठिकाणी नुसताच चिकट थर, डोळ्यांना धड दिसतही नाही. याला बायोफिल्म म्हणतात. जिवाणू भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण बनवतात आणि आत मजेत राहतात. तुम्ही वरून ब्लिचिंग पावडर टाकली की पाण्यात तरंगणारे मरतात, आवरणाआडचे बरेचसे शाबूत राहतात आणि थोड्या दिवसांनी परत पाण्यात सुटतात. टाकी न घासता महिन्याला पुडी सोडणारे खूप भेटतात, त्यांना हा शॉट दाखवायचाय.

(दृश्य: पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या)

आता या अळ्या. झाकणाची सावली पडली की सगळ्या एकदम खाली पळतात, बघा. डेंगी आणि चिकनगुनिया पसरवणारा एडिस डास आपली अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या भिंतीवर चिकटवतो. काळे ठिपके दिसतात, जेमतेम मिलिमीटरभर. टाकी रिकामी करून वाळवली तरी ही अंडी कित्येक महिने तग धरतात, पुन्हा पाणी वर चढलं की फुटतात आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, भिंत घासूनच ती अंडी निघतात.

जुलाब, टायफॉइड, हिपॅटायटिस ए म्हणजे कावीळ, डेंगी, हे सगळं अशा टाकीतून घरात येऊ शकतं आणि लहान मुलं, म्हातारी माणसं आधी आजारी पडतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या गिडिअन या छोट्या गावात उंच टाकीत पक्ष्यांची घाण गेली, साल्मोनेला पसरला, सहाशेच्या वर लोक आजारी पडले आणि सात जण गेले.

(दृश्य: धुलाई सुरू)

आता काम. आदल्या दिवशी पाणी भरणं बंद करा आणि आहे ते वापरून संपवा, उगाच गटारात कशाला घालवायचं. मग घरात जाणारा वॉल्व बंद करायचा, हे पहिलं, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात आणि सगळा गाळ स्वतःच्याच पाइपलाइनमध्ये ढकलतात, पुढे शॉवर आणि फिल्टर तुंबले की प्लंबरला बोलावतात. तळाचं गढूळ पाणी वॉशआउटने, म्हणजे तळाशी पाणी सोडायला ठेवलेल्या तोंडातून, सोडा, वॉशआउट नसेल तर मगाने बादलीत उपसा, शेवटचं फडक्याने टिपा.

घासायचं वरून खाली. सुरुवात झाकणाच्या आतल्या बाजूने, तिथे कोळ्याची जाळी आणि वाफेचा काळपट थर असतो आणि तीच बाजू सगळे विसरतात. मग भिंती, मग पाण्याच्या रेषेचा तो पट्टा, इथे जास्त जोर लावा, मग फ्लोटच्या खालची जागा आणि शेवटी तळ. प्लास्टिकच्या टाकीला नायलॉनचा ब्रश घ्या, तारेची घासणी नको, ओरखडे पडतात आणि नवा थर त्यातच धरून बसतो. साबणाचं पाणी चालेल, फक्त फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा.

एवढं झालं की मग औषध. पाव टाकी पाणी भरा, टाकीच्या क्षमतेच्या दर १००० लिटरला ८० ग्रॅम जास्त ताकदीचं, म्हणजे ५० ते ७० टक्के क्लोरीन असलेलं, कॅल्शियम हायपोक्लोराइट घाला आणि टाकी काठोकाठ भरून झाकून २४ तास ठेवा. साधी ब्लिचिंग पावडर बरीच कमी ताकदीची असते आणि जुनं पाकीट तर जवळजवळ निकामी, त्यामुळे पाकिटावरचा आकडा आणि तारीख बघितल्याशिवाय हिशोब करू नका. या काळात घरात जाणारा वॉल्व परत उघडून एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, पाइपही आतून साफ व्हायला हवेत. हे पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकाला नाही, मासे असतील अशा तळ्यात तर अजिबात सोडायचं नाही.

जमिनीखालच्या टाकीचं चित्रण आमच्याकडे नाहीये, पण सांगून ठेवतो. बंद टाकीत ऑक्सिजन कमी असू शकतो, त्याला वास नसतो, उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही कोसळतो. हे काम जाणकारांनाच द्या, हवा तपासून, दोर बांधून, वर माणूस उभा ठेवून. आणि ब्लिचिंगबरोबर ॲसिड कधीच नाही, विषारी वायू होतो.

(दृश्य: ओव्हरफ्लो पाइपला जाळी बांधताना, मग चाचणीची नळी)

ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपाला बारीक जाळी लावा, डास इथूनही शिरतात. २४ तासांनंतर टाकी रिकामी करून ताज्या पाण्याने भरली की एक छोटी चाचणी घ्या. नळीत पाणी धरून त्यात क्लोरीन तपासायच्या किटमधली गोळी विरघळवली, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. रंगपट्टीशी जुळवून बघा, लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅमच्या मध्ये आलं तर वापरायला हरकत नाही, जास्त गडद आलं तर अजून एकदा सोडून भरा.