85 लाख, निगोशिएबल

[दृश्य: कोथरूडमधली तीन मजली इमारत. गेटशेजारी तगर. जिन्याची पहिली पायरी.]

या जिन्याला 54 पायऱ्या आहेत. पहिल्यांदा घर बघायला आले तेव्हा मी त्या मोजल्या नव्हत्या. दुसऱ्यांदा मोजल्या, कारण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की प्रत्येक पायरीचा हिशोब आकड्यात धरावा लागणार आहे.

इमारत 1994 सालची. तिसरा मजला, लिफ्ट नाही, डोक्यावर थेट गच्ची. जाहिरातीत लिहिलं होतं: टू बीएचके, 900 स्क्वेअर फूट, 85 लाख, निगोशिएबल.

त्या शेवटच्या शब्दावरून आमच्या घरात आठवडाभर खल चालला. सासूबाई म्हणाल्या, "तुळशीबागेत कसं, निम्म्यापासून सुरुवात करायची." ऑफिसमधला मित्र म्हणाला, दहा टक्के कमी सांग, पाचवर तुटेल. आणि एजंट म्हणाला, "मॅडम, ओनर 83च्या खाली यायचे नाहीत. अजून दोन पार्ट्या लाइनमध्ये आहेत."

तिघांचं मत वेगळं, पण तिघांचाही हिशोब 85 पासून सुरू होत होता. मला आज ठामपणे वाटतं की घर घेणाऱ्याची खरी चूक इथेच होते. हे 85 आले कुठून? मालक काकांनीच पुढे सांगितलं. पलीकडच्या गल्लीत नव्या टॉवरमधला फ्लॅट कितीला गेला ते त्यांनी ऐकलं होतं, त्यातून अंदाजाने थोडे कमी केले होते. मग अशा आकड्यातून मी दहा टक्के वजा केले काय आणि वीस केले काय, माझ्या हाती काय लागणार होतं?

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च सेवा.]

महाराष्ट्रात घराचा नोंदवलेला व्यवहार कोणालाही बघता येतो, तोही फुकट. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर घालायचा, की सूची क्रमांक दोन, म्हणजे त्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा, समोर येते. सर्व्हे नंबर मला काकांच्या जुन्या करारनाम्यात सापडला. दोन रात्री मी हेच करत बसले होते.

या कागदावर दुसऱ्या रकान्यात 'मोबदला' असतो, म्हणजे करारात लिहिलेली किंमत. तिसऱ्या रकान्यात 'बाजारभाव', म्हणजे रेडी रेकनरवरून, सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दरावरून, निघालेली किंमत. पाचव्यात क्षेत्रफळ.

याच इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आठ महिन्यांपूर्वी विकला गेला होता. क्षेत्रफळ 56.67 चौरस मीटर, म्हणजे 610 स्क्वेअर फूट कार्पेट, भिंतींच्या आतली वापरायची जागा. मोबदला 74 लाख. मग काकांच्या करारनाम्यातलं क्षेत्रफळ काढलं. अगदी तेवढंच. जाहिरातीतले 900 हे जिना आणि भिंती धरून केलेले 'सेलेबल'.

तळमजल्यावरचाही एक व्यवहार सापडला. मोबदला 59 लाख 90 हजार, बाजारभाव 59 लाख 85 हजार. स्वस्त वाटला ना? मलाही वाटला होता. पण मोबदला रेडी रेकनरला असा चिकटलेला दिसला की थांबायचं. उरलेली रक्कम रोखीत गेली असण्याची दाट शक्यता असते. तो आकडा मी बाजूला ठेवला. तो पुढे करून घासाघीस केली असती, तर काकांसारखा सरळ माणूस उगाच दुखावला गेला असता.

[दृश्य: बेडरूमचं छत. कोपऱ्यात ताज्या रंगाचा चौकोन.]

आता माझ्यापाशी सुरुवातीचा आकडा होता: 74.

हे छत नीट बघा. बाकी सगळा रंग जुना, पिवळसर, आणि या कोपऱ्यात तेवढा पांढरा शुभ्र. मी स्टुलावर चढून बोट लावलं, तर बोटाला रंग आला. आत ओल होती. बाथरूमच्या भिंतीलाही तीच. आमच्या ओळखीच्या प्लंबरला घेऊन पुन्हा आले. गच्चीच्या त्या भागाचं वॉटरप्रूफिंग आणि दोन्ही बाथरूम मिळून त्याने 2 लाख 40 हजार सांगितले. वायरिंग मूळचंच होतं, त्याचे 1 लाख 10 हजार. गच्ची सोसायटीची, त्यामुळे तिथला खर्च सोसायटीने करायचा, हे मला माहीत होतं. पण सोसायटीच्या सभेची वाट बघत पावसाळा काढायची माझी तयारी नव्हती.

तर 74 मधून साडेतीन गेले. लिफ्टशिवाय तिसरा मजला, त्याचे मी 2 धरले. यात शास्त्र काही नाही, दोन वेगवेगळ्या एजंटांना विचारून काढलेला तो अंदाज आहे. उलट बाजूने, घर कोपऱ्यातलं, पूर्वेचा उजेड, पार्किंगची करारात नोंद, आणि मधल्या आठ महिन्यांत भाव थोडा वर गेलेला. त्याचे अडीच वाढवले. आले 71.

एजंट सारखा म्हणत होता, "रिडेव्हलपमेंटला जाणार आहे ना बिल्डिंग!" मी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटले. ठराव झालेला नव्हता, आणि जमीनही अजून सोसायटीच्या नावावर नव्हती. ज्याचा कागद नाही त्याचे पैसे मी धरले नाहीत.

खालची मर्यादाही असते, ती फारसं कोणी सांगत नाही. रेडी रेकनरची किंमत करारातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाली, तर आयकर खातं तो फरक विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही हिशोबात धरतं. शिवाय मुद्रांक शुल्क दोन्हींतल्या मोठ्या रकमेवरच लागतं. या घराचा रेडी रेकनर साठच्या आसपास होता. सासूबाईंचं निम्मं तिथेच बाद झालं.

वरची मर्यादा आमच्या खिशाची: 76. ती मी कागदावर लिहून नवऱ्याची सही घेतली, कारण बैठकीत बसलं की माणूस वाहवत जातो.

[दृश्य: काकांची बैठकीची खोली. टीपॉयवर चहा, स्टीलचा डबा.]

काका घर का विकत होते, हे विचारायला मला संकोच वाटत होता. शेवटी काकूच म्हणाल्या, "बंगळुरूला लेकीजवळ फ्लॅट घेतलाय. जानेवारीत मोठा हप्ता आहे." म्हणजे त्यांना आकड्याइतकीच तारखेची काळजी होती. आमच्याकडे बँकेचं मंजुरीपत्र तयार होतं.

मी काकांसमोर माझा कागद ठेवला. 74 चा व्यवहार, प्लंबरचं एस्टिमेट, मजला, उजेड, सगळं. खाली लिहिलं होतं: 71 लाख, सगळे चेकने, खरेदीखत डिसेंबरच्या आत. टक्केवारी मी नंतर काढली. साडेसोळा भरली. आधीच काढली असती तर मला तोंडच उघडता आलं नसतं.

काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, या घरात माझ्या मुलीचं लग्न झालंय." मी म्हटलं, "काका, त्याची किंमत मी लावूच शकत नाही." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "विचार करतो," म्हणाले.

लगेच पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात त्यांच्याकडे घर बघायला एकही माणूस फिरकला नाही. माझाही रोज धीर सुटत होता. घटस्थापनेच्या दिवशी एजंटचा फोन: 77, पण 7 रोख. रोखीला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर ती रोख घेणाऱ्याला, म्हणजे घर विकणाऱ्याला, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. उतारवयात काकांच्या मागे ते कशाला? शिवाय करारात न दिसणाऱ्या रकमेवर मला कर्जही मिळणार नव्हतं.

शेवटी 75 ला ठरलं. सागवानी कपाट घरातच राहणार आणि काका-काकू संक्रांतीपर्यंत इथेच राहणार, या बोलीवर.

[दृश्य: दुय्यम निबंधक कार्यालय. अंगठ्याचं यंत्र, प्लास्टिकच्या खुर्च्या.]

75 वर थांबलं का? नाही. घर एकट्या माझ्या नावावर, म्हणून पुण्यातलं 7 टक्के मुद्रांक शुल्क 6 वर आलं: साडेचार लाख. नोंदणी 30 हजार, दलाली एक टक्का, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क 25 हजार. शिवाय बँकेच्या मूल्यांकनात घर साडेत्र्याहत्तरचंच निघालं. बँक कमी आकड्याच्या 80 टक्के देते, त्यामुळे सव्वा लाखाच्या आसपास जास्तीचे खिशातून घालावे लागले. मर्यादा 76 का होती, ते तेव्हा नवऱ्याला पुरतं पटलं.

[दृश्य: तेच छत, आता कोरडं. दारावरची बेल.]

गेल्या रविवारी एक तरुण जोडपं दारात आलं. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला आले होते. त्याच्या हातात आमच्या सूची दोनची प्रिंट, 75 वर पेनाने गोल. "काकू, बाथरूमचं काम व्यवहाराच्या आधी झालं होतं की नंतर?"

मी त्यांना आत बोलावलं आणि प्लंबरचं एस्टिमेट शोधायला कपाट उघडलं.