‘अकिरा’चा लाल टेललाइट

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय ‘अकिरा आणि जागतिक सिनेमा’. ‘अकिरा’ म्हणजे १९८८ चा जपानी ॲनिमेशनपट. त्याकडे येणारच आहे. पण आधी एका टेललाइटबद्दल बोलू द्या. ‘अकिरा’ची चर्चा निघाली की ती सायबरपंक म्हणजे तंत्रज्ञानाने व्यापलेलं काळवंडलेलं भविष्य, अणुबाँब, त्यातल्या तेत्सुओ या मुलाचं फुगत जाणारं शरीर यांभोवतीच फिरते. ज्यांनी त्यातली रात्र हाताने रंगवली, त्यांची आठवण कुणी काढत नाही. माझ्या मते दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमो आणि त्यांच्या चमूने जगाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अंधार रंगवायची रीत.

कथा तुम्हाला ठाऊक आहे. १६ जुलै १९८८ ला टोकियो बेचिराख होतं, आणि चित्रपट जपानात लागला तोही नेमका त्याच दिवशी. मग २०१९ मधलं निओ-टोकियो, नायक कानेदाची मोटरसायकल टोळी, तिची वैरी क्लाउन टोळी, मोटरसायकलींचा पाठलाग. गाडी वळणावरून निघून जाते आणि मागच्या दिव्याची लाल पट्टी क्षणभर हवेत तशीच राहते.

ती पट्टी कशी होते? कागदावरचं रेखाटन सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पारदर्शक तावावर उतरवतात आणि रंग मागच्या बाजूने भरतात. सेलच्या कडेला तीन भोकं असतात. ती खुंट्यांवर बसली की सेल जागचा हलत नाही. वरून दिवे टाकून फ्रेम टिपायची. आता लाल रंग कितीही भडक लावा, तो उजळ दिसेल, पण त्यातून उजेड फाकणार नाही. म्हणून फिल्म मागे गुंडाळून त्याच फ्रेमवर दुसरं एक्स्पोजर द्यायचं, म्हणजे ती पुन्हा टिपायची. या वेळी वरचे दिवे बंद. टेबलावर उजेड अडवणारा काळा मास्क, त्यात पट्टीपुरती जागा मोकळी. प्रकाश खालून, मध्ये रंगीत जिलेटिन, लेन्सवर उजेड पसरवणारा डिफ्यूजन फिल्टर. आकाशकंदिलात दिवा लागला की कागद जसा जिवंत होतो, तसं इथे होतं. पट्टी आधी लांबते, मग विरते, त्यामुळे प्रत्येक फ्रेमसाठी मास्क वेगळा.

यात बिघडतं काय, तेही सांगतो. मास्क खुंटीवर केसभर सैल बसला की उजेड थरथरतो. फिल्म एक फ्रेम कमी-जास्त गुंडाळली गेली की दिवा गाडीपासून सुटून पळतो. मास्कच्या काळ्या भागात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहिलं, तर पडद्यावर नसलेला तारा चमकतो. एक्स्पोजर जास्त झालं की लाल रंग पांढरा पडतो. आणि यातलं काहीही लॅबमधून फिल्म धुऊन आल्याशिवाय कळत नाही. दोन्ही एक्स्पोजर एकाच निगेटिव्हवर असल्यामुळे चूक दुरुस्त करता येत नाही. शॉट पहिल्यापासून पुन्हा!

बरं, रात्र म्हटली की सगळ्यावर निळी छटा चढवायची, ही सोपी वाट होती. इथे रात्री लाल आहेत, हिरव्या आहेत. चित्रपटात ३२७ रंग वापरले, त्यांतले ५० खास याच्यासाठी बनवले. एवढे कशाला, असं वाटेल. पण सेल पूर्ण पारदर्शक नसतो. चार सेल एकावर एक ठेवले, तर तळाच्या सेलवरचा राखाडी वरच्या सेलवरच्या त्याच राखाडीपेक्षा मळकट दिसतो. दिवसाच्या दृश्यात हा फरक खपून जातो. अंधारात जाकिटाचा काळा, टायरचा काळा आणि रस्त्याचा काळा एकमेकांत मिसळतात, आणि माणूस कुठे संपला नि गाडी कुठे सुरू झाली हेच समजत नाही.

ओठांचंही सांगायलाच हवं. जपानी ॲनिमेशनमध्ये रीत अशी, की चित्रं आधी आणि आवाज नंतर. बंद, अर्धं उघडं, पूर्ण उघडं अशी तोंडाची तीन चित्रं पुरतात. ‘अकिरा’त बहुतेक संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि ओठ त्यांच्यावर बेतले. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र तीन फ्रेम धरलं तर अर्ध्या सेकंदाच्या शब्दाला चार चित्रं, दोन फ्रेम धरलं तर सहा. एकूण सेलचा आकडा १,६०,००० च्या पुढे सांगतात, तो अशा जागी वाढत जातो. आणि आपण इंग्रजी डब लावून बसतो! कलाकारांनी जपानी शब्दावर घडवलेलं तोंड आपण दुसऱ्याच शब्दाला जुंपतो. हे मला खरोखर लागतं.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. संगीत सोडावं लागणार. एवढंच लक्षात ठेवा, की गेइनोह यामाशिरोगुमी या जपानी समूहाच्या त्या संगीतात बालीची बांबूची वाद्यं आहेत आणि जपानातल्या आओमोरीच्या नेबुता उत्सवातली ‘रास्सेरा’ ही आरोळी आहे.

आता प्रभाव. कानेदा गाडी आडवी घसरवत थांबवतो, त्या शॉटची नक्कल असंख्य ठिकाणी झाली. २०२२ मध्ये जॉर्डन पीलच्या ‘नोप’मध्येही तो आहे. हा झाला उघड दिसणारा प्रभाव. दुसरी वाट पैशाची. ब्रिटनमध्ये ‘अकिरा’चे व्हिडिओ खपले आणि त्यातून उभी राहिलेली मांगा एंटरटेनमेंट ही कंपनी १९९५ च्या ‘घोस्ट इन द शेल’ या जपानी ॲनिमेशनपटाच्या निर्मितीत भागीदार झाली. तोच चित्रपट दिग्दर्शक वाचोव्स्कींनी आपल्या निर्मात्याला दाखवला आणि ‘मॅट्रिक्स’ म्हणजे काय करायचंय ते समजावलं. तिसरी वाट हातांची, म्हणजे ‘अकिरा’वर काम केलेल्या चित्रकारांची, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. हिरोयुकी ओकिउरा इथून ‘घोस्ट इन द शेल’च्या पात्ररचनेकडे गेले, पुढे त्यांनी ‘जिन-रोह’ हा ॲनिमेशनपट दिग्दर्शित केला. कोजी मोरिमोतो ‘स्टुडिओ ४°सी’ या ॲनिमेशन स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक. योशिजी किगामी यांनी क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओत तरुण चित्रकारांना घडवलं. त्याच स्टुडिओवरच्या २०१९ च्या जाळपोळीत ते गेले, त्यांच्या हाताखाली शिकलेले आजही काम करताहेत.

२०२० मध्ये ४के प्रत निघाली आहे. मूळ जपानी आवाज आणि सबटायटल लावा, खोलीतले दिवे मालवा, आणि क्लाउन टोळीचा पाठलाग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. लाल पट्टीच्या कडेला रंग कुठे संपतो आणि नुसता उजेड कुठे सुरू होतो, ते दिसेल. चला, प्रश्न घेऊया.