रस्त्यात उरलेला खांब

(दृश्य – सकाळची वेळ. रुंद डांबरी रस्ता, डाव्या मार्गिकेत लोखंडी वीजखांब, त्यावर लाल-पांढरे परावर्तक पट्टे.)

रस्ता रुंद करताना सीमाभिंती मागे सरकल्या, डांबर झाले, पदपथाचे दगड बसले. खांब मात्र जुन्या रस्त्याच्या कडेला जिथे होता तिथेच राहिला, आणि आता ती जागा वाहनांच्या मार्गिकेत येते. दुचाकीवाले त्याला सवयीने वळसा घालतात. पीएमपीची, म्हणजे शहर सेवेची, बस खांबाच्या बाहेरून वळण घेऊ लागली की मागच्यांनी थांबायचे, हे इथे कोणी कोणाला सांगावे लागत नाही.

पुण्याच्या दक्षिण उपनगरातला हा रस्ता. जुन्या पेठांत विजेचे जाळे बऱ्याच अंशी जमिनीखाली आहे. भोवतालच्या गावांत मात्र ते खांबांवरच वाढले, कारण बैलगाडी आणि एसटी जाईल एवढ्या रस्त्याला तेवढे पुरत होते. १९९७, २०१७ आणि २०२१ मध्ये यांतली अनेक गावे महापालिकेच्या हद्दीत आली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे खांबही शहरात आले.

(दृश्य – दुमजली इमारतीचा सज्जा, वाळत घातलेले कपडे, पलीकडे तीन तारा.)

खांब उचलून नव्या कडेला रोवावा, हा कोणालाही सुचणारा उपाय आहे. तो इथे का चालला नाही, याचे उत्तर या सज्जात मिळते. ११ केव्हीपर्यंतची (म्हणजे ११ हजार व्होल्टपर्यंतची) उघडी तार इमारतीपासून आडव्या अंतरात किमान १.२ मीटर दूर असली पाहिजे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात, आणि रुंदीकरणानंतर सज्जा व पदपथ यांच्यात तेवढी जागा उरलेली नाही. रस्ता ओलांडणाऱ्या ११ केव्हीच्या तारेसाठी जमिनीपासून ६.१ मीटर उंची लागते; दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढणाऱ्या आपल्या रस्त्यांवर ही उंची तार न हलताही कमी होत जाते. त्यामुळे वाहिनी भूमिगत करण्याचे ठरले.

अशा कामाचा खर्च सहसा रस्ता करणारी यंत्रणा देते. अंदाजपत्रक महावितरण मंजूर करते, प्रत्यक्ष काम परवानाधारक विद्युत ठेकेदार करतो आणि त्यावर महावितरणचे अभियंते देखरेख ठेवतात. ही तरतूद रस्त्याच्या मूळ निविदेतच असेल, तर चर आधी खणला जातो आणि डांबर नंतर पडते. ती नसेल तर काय होते, हे पुढच्या दृश्यात दिसेल.

(दृश्य – नव्या डांबरावर कटरची सरळ रेघ, धूळ, मग ब्रेकरचा आवाज. आवाज काही क्षण तसाच ठेवावा.)

वरचे डांबर आणि मुरूम तासाभरात निघाला. त्याखाली मात्र पुण्याचा काळा पाषाण लागला, आणि तिथून पुढे दिवसाचे काम मीटरमध्ये मोजले जाऊ लागले. ११ केव्हीच्या केबलचा माथा जमिनीच्या पृष्ठभागापासून किमान ०.९ मीटर खाली असावा लागतो आणि लघुदाब केबलचा, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या कमी दाबाच्या केबलचा, ०.७५ मीटर. चराच्या तळाशी चाळलेली वाळू, तिच्यावर केबल, पुन्हा वाळू, मग विटांचा थर आणि त्यावर धोक्याची सूचना देणारी पट्टी, असा हा क्रम आहे. उद्या इथे कोणाचा जेसीबी उतरला, तर आधी पट्टी वर यावी, मग विटा याव्यात आणि चालकाचा हात थांबावा, एवढ्यासाठी ही मांडणी असते. रस्ता जिथे आडवा ओलांडायचा आहे तिथे एकाऐवजी दोन पाइप टाकले आहेत. दुसरा पाइप आज रिकामा आहे; उद्या दुसरी केबल लागली तर त्यासाठी रस्ता पुन्हा खणायला नको. म्हणूनच आमच्या मते या सबंध कामातली ती सर्वांत शहाणपणाची वस्तू आहे.

(दृश्य – जॅकवर चढवलेला लाकडी ड्रम, चरातले रोलर, केबलला हात लावून उभी असलेली माणसांची रांग.)

एका ड्रमवर साधारण २५० ते ३०० मीटर केबल येते. मुकादमाची शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम ओढायचे आणि दुसऱ्या शिट्टीला थांबायचे. केबल घासू द्यायची नाही आणि तिला ठरलेल्यापेक्षा लहान वळण द्यायचे नाही.

(दृश्य – ताडपत्रीखालचा खड्डा. जॉइंटरचे हात, जवळून.)

एका ड्रमची केबल जिथे संपते तिथे जोड द्यावा लागतो. सकाळपासून या खड्ड्यात एकच माणूस काम करतो आहे आणि त्याचा मदतनीस मागितलेली वस्तू हातात देण्यापलीकडे काहीही करत नाही. बाहेरचे आवरण, लोखंडी पट्ट्यांचे चिलखत, तांब्याची पट्टी आणि काळा अर्धवाहक थर एकामागून एक उतरवले की आतला पांढरा एक्सएलपीईचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या प्लास्टिकचा, थर दिसतो. त्याच्या आत ॲल्युमिनियमची तार असते. काळ्या थराचा एखादा कण पांढऱ्यावर राहिला, तर पुढे कधीतरी जोड तिथूनच फुटण्याची भीती असते. म्हणून पांढरा भाग पॉलिश कागदाने घासायचा, द्रावणात भिजवलेल्या कापडाने तारेच्या टोकाकडून काळ्या थराकडे पुसायचा, आणि एकदा पुसलेला कपडा पुन्हा लावायचा नाही. तारा जोडण्याआधी वरच्या नळ्या केबलवर सरकवून ठेवाव्या लागतात. एक जरी विसरली तरी झालेला जोड कापून पुन्हा सुरुवात करावी लागते. हा माणूस त्या नळ्या बोटाने दोनदा मोजतो. मग बत्तीची मऊ ज्योत नळीच्या मध्यापासून दोन्ही टोकांकडे फिरते आणि नळी आकसत केबलला घट्ट बसते. टोकापासून सुरुवात केली तर हवा मध्ये अडकते.

(दृश्य – मेगरवर, म्हणजे केबलचे इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्रावर, चढत जाणारा आकडा. उपकेंद्रातील नोंदवही.)

गुरुवार हा पुण्यात विजेच्या देखभालीचा ठरलेला वार असल्याने जोडणी त्याच दिवशी झाली. उपकेंद्रातून फीडर, म्हणजे या भागाला वीज देणारी वाहिनी, बंद झाला, कामाचे परमिट हाती आले, उरलेली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड लावून तारा जमिनीला जोडल्या गेल्या, आणि त्यानंतरच जनमित्र, म्हणजे महावितरणचे लाइनमन, खांबावर चढले. दुपारी नवी वाहिनी चार्ज झाली.

या काळात दुकानांसमोरचा चर बरेच दिवस उघडा होता, एका पर्जन्यवृक्षाची काही मुळे तुटली, आणि भूमिगत केबलमधला दोष शोधायला तारेपेक्षा जास्त वेळ लागतो, हेही नोंदवायला हवे.

(दृश्य – संध्याकाळ. क्रेनच्या पट्ट्यात धरलेला खांब, पायथ्याशी गॅस कटरच्या ठिणग्या.)

विजेच्या तारा उतरल्या तरी खांब मोकळा झालेला नव्हता. इंटरनेट आणि टीव्हीच्या केबलींची काळी जुडी अजून त्यावर होती, आणि ती कोणाकोणाची आहे हे जागेवर कोणाला सांगता येईना. शेवटी एक मुलगा शिडी घेऊन आला. त्याने जुडी सोडली, शेजारच्या पर्जन्यवृक्षाच्या फांदीला बांधली आणि गाठ ओढून पाहिली. मग क्रेनवाल्याने खांब उचलला.