फेरेटची शिंक आणि फ्लूची लस

हा प्राणी बघा. लांबुडका, अंगाने मुंगसासारखा, सारखं नाक हलवत काहीतरी हुंगत फिरणारा. हा फेरेट. फ्लूच्या लशीत या वर्षी कुठला व्हायरस घालायचा हे ठरवताना आजही याच्या रक्ताची साक्ष काढली जाते, आणि लस टोचून घेणाऱ्या बहुतेकांना हे माहीतच नसतं.

गोष्ट सुरू होते 1933 साली लंडनमध्ये. 1918च्या साथीत कोट्यवधी माणसं गेली होती पण फ्लू नक्की होतो कशाने हे तोवर पक्कं नव्हतं, बरेच डॉक्टर एका बॅक्टेरियाला दोष देत होते आणि बॅक्टेरियाच्याच लशी टोचल्याही गेल्या होत्या. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी काय केलं, आजारी माणसांना गुळण्या करायला लावून ते पाणी घेतलं, बॅक्टेरिया मागे राहतील इतक्या बारीक फिल्टरमधून गाळलं आणि फेरेटच्या नाकात सोडलं. फेरेटच का? तर त्यांच्या संस्थेत कुत्र्यांच्या डिस्टेंपर नावाच्या व्हायरसच्या आजारावर काम चालू होतं, त्यासाठी फेरेट आधीच ठेवलेले होते, एवढंच. काही दिवसांत फेरेटना ताप आला, नाक वाहायला लागलं, शिंका सुरू झाल्या. आणि बरे झालेल्या फेरेटना तोच व्हायरस परत दिला तर ते आजारी पडेनात. लस बनू शकते ही आशा तिथे दिसली.

मग 1936 मध्ये एक आजारी फेरेट चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस या तरुण डॉक्टरच्या तोंडावरच शिंकला, दोनएक दिवसांत डॉक्टरला फ्लू, आणि त्याच्या घशातून व्हायरस परत मिळाला. माणसाकडून फेरेटला आणि फेरेटकडून माणसाला, दोन्ही बाजू सिद्ध झाल्या.

आता तुम्ही म्हणाल, लॅबमध्ये उंदीर असताना फेरेट कशाला? उंदीर वापरतातच, आणि खूप वापरतात, स्वस्त पडतात, जागा कमी लागते, नवीन लशीची पहिली परीक्षा बहुतेक वेळा उंदरांवरच होते. पण माणसाला होणारा फ्लू उंदराला सहसा नीट होत नाही, व्हायरस आधी त्याच्या फुप्फुसात पुन्हा पुन्हा वाढवून मुरवावा लागतो. उंदीर शिंकत नाही, त्याला ताप चढत नाही उलट अंग गार पडतं, म्हणून संशोधक रोज त्याचं वजन करतात आणि किती घटलं त्यावरून आजार मोजतात. शिवाय लॅबमधल्या बहुतेक उंदरांमध्ये फ्लूशी लढणारं एमएक्स-1 नावाचं जीन मोडलेलं असतं. अशा उंदराला लशीने वाचवलं म्हणजे माणसालाही वाचवेल असं धरून चालता येत नाही.

फेरेटचं तसं नाही. माणसाच्या श्वासनलिकेत फ्लूचा व्हायरस ज्या साखरेच्या रेणूला चिकटतो तसेच रेणू फेरेटच्या श्वासनलिकेतही असतात, म्हणून व्हायरस मुरवावा लागत नाही. दोन पिंजरे शेजारी ठेवायचे, मध्ये फक्त हवा, एकात आजारी फेरेट आणि दुसऱ्यात धडधाकट, आणि वाट बघायची. लस दिलेला फेरेट स्वतः आजारी पडत नाही हे ठीक, पण तो शेजाऱ्याला आजार देतो का? हा प्रश्न उंदराला विचारून फारसा उपयोग नसतो. (गिनीपिगमध्येही फ्लू हवेतून पसरतो, पण तो स्वतः फारसा आजारी दिसत नाही.)

डुकरांनी मात्र एक वेगळाच धडा दिला. काही प्रयोगांत एका जातीच्या फ्लूची मृत व्हायरसवाली लस दिलेल्या डुकरांना नंतर बऱ्याच वेगळ्या जातीचा फ्लू झाला तेव्हा त्यांची फुप्फुसं लस न घेतलेल्या डुकरांपेक्षा जास्त खराब झाली. माणसांत थेट असंच होईल असं यावरून म्हणता येत नाही, पण असला धोका माणसांआधी प्राण्यांत दिसावा याचसाठी तर हे प्रयोग असतात.

आता रक्ताच्या साक्षीकडे येऊ. फ्लूचा व्हायरस रूप बदलत राहतो, 1947 मध्ये तर लस जवळपास निकामी ठरली कारण व्हायरस पुढे निघून गेला होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1952 पासून जगभरच्या लॅबचं जाळं उभं केलं. कधीच फ्लू न झालेल्या फेरेटला एक व्हायरस देतात, दोन-तीन आठवड्यांनी त्याचं रक्त काढून सीरम (रक्ताचा पातळ भाग, ज्यात व्हायरसला ओळखून धरणाऱ्या अँटीबॉडी असतात) वेगळं करतात आणि नवीन सापडलेले व्हायरस त्यात मिसळून बघतात, ओळखतंय का. ओळख बरीच कमी झाली, साधारण 8 पट वगैरे, तर लशीतला व्हायरस बदलायचा विचार सुरू होतो. दर वर्षी फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी हा निर्णय होतो.

पण कधीच फ्लू न झालेला फेरेट, इथेच तर गोम आहे. तुम्हाला मला लहानपणापासून कितीदा फ्लू होऊन गेलाय! 2013-14 च्या मोसमात एच1एन1 या फ्लूच्या एका प्रकाराने मध्यमवयीन माणसांना जास्त गाठलं. व्हायरसमध्ये एकच छोटा बदल झाला होता आणि फेरेटच्या सीरमला तो कळलाच नाही, त्याच्या दृष्टीने व्हायरस जुनाच होता. मध्यमवयीन माणसांच्या अँटीबॉडी मात्र नेमक्या त्याच जागेला धरत होत्या, कारण 1977 नंतरच्या वर्षांत त्यांना झालेल्या फ्लूने त्यांच्या शरीराला तीच जागा शिकवून ठेवली होती, आणि ती जागाच बदलल्यावर त्यांची पकड सुटली. मग संशोधकांनी फेरेटना आधी त्या जुन्या काळातला व्हायरस दिला, नंतर 2009 च्या एच1एन1 साथीचा, आणि आता त्यांच्या अँटीबॉडी माणसांसारख्याच त्या जागेवर जाऊन बसल्या.

मला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. प्राणी तोच, फक्त त्याला माणसासारखा भूतकाळ दिला. अर्थात हे काम वेळखाऊ आहे, आधी एक संसर्ग, मग बरं व्हायला वेळ, मग दुसरा, मग लस, मग पुन्हा व्हायरस, आणि शेवटी फुप्फुसं तपासण्यासाठी बहुतेकदा त्या जिवाला मारावंच लागतं. म्हणून किती प्राणी घ्यायचे, कमीत भागेल का, वेदना कमी करता येतील का, हे प्रयोगाआधी समितीपुढे मांडावं लागतं, आणि मांडायलाच हवं. आणि फेरेट ठेवलेल्या खोलीत शिरणारा माणूस बघा, तोंडावर मास्क. फेरेटपासून स्वतःला जपायचं हे तर आहेच, पण आपल्याच सर्दीतून या फेरेटला फ्लू झाला तर महिन्यांचं काम वाया, म्हणून ज्याला साधी कणकण आहे त्याला त्या दिवशी आत सोडत नाहीत.