खालच्या पट्टीतलं हिरवं कासव

नागपुरातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या कॉम्प्युटरमध्ये, लिनक्स चालवणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘सर, लिनक्स खूप स्लो चालून राहिलं.’ शेजारच्या खुर्चीतून सल्लाही तयार असतो: मशीनची रॅम वाढव, कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) वाढव. आज मला सांगायचंय ते या सल्ल्याच्या बरोबर उलट. कारण न शोधता सेटिंगमधला स्लायडर उजवीकडे सरकवला, तर मशीन बहुतेक वेळा आणखी हळू होतं.

आपण एकच लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवू. 8 जीबी रॅम, 4 कोअर, विंडोज 11, त्यावर असं मशीन बनवणारं व्हर्च्युअलबॉक्स आणि आत उबुंटू हे लिनक्स.

मशीन चालू करा आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे बघा. तिथे चिपचं छोटं चित्र असायला हवं. त्याच्या जागी हिरवं कासव दिसलं, तर बाकी सगळं सोडा, आधी त्याच्याकडे वळा. प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्हीने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराने) आधीच ताब्यात घेतली आहे, आणि व्हर्च्युअलबॉक्सला आता त्याच्या मध्यस्थीने काम करावं लागतंय, असा त्याचा अर्थ. ‘मी तर हायपर-व्ही टाकलंच नाही’ असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण डब्ल्यूएसएल 2 (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) किंवा डॉकर डेस्कटॉप हे प्रोग्रॅमरांचं सॉफ्टवेअर टाकलं की तो थर जागा होतो. नव्या लॅपटॉपवर मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण बरेचदा पहिल्या दिवसापासून चालू असतं, त्यालाही तोच थर लागतो.

तो काढायचा कसा? बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं संरक्षण) चालू असेल तर आधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मग विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, तिथे मेमरी इंटिग्रिटी बंद करा. विंडोज फीचर्सच्या यादीतून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म या तिन्हींवरची खूण काढा. तरीही कासव हललं नाही, तर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिटने हायपरव्हायझर लाँच टाइप ‘ऑफ’ करा (bcdedit /set hypervisorlaunchtype off). नंतर रीस्टार्टच करा. शटडाउन करून पुन्हा चालू केलं, तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा नव्याने सुरू होत नाही, आणि बदल लागू झाला नाही म्हणून माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी’ची ओळ बघून खात्री करा. याची किंमतही आहे: डब्ल्यूएसएल 2 बंद पडेल आणि विंडोजचं एक संरक्षण कमी होईल. ज्या लॅपटॉपवर रोजचे बँकेचे व्यवहार होतात, तिथे मी कासव पत्करेन.

आता कोअर. चारपैकी 2 द्या. चारही दिले तर काय बिघडतं? आतल्या लिनक्सला वाटतं, चारही आपलेच. पण त्यातला एक विंडोज मधेच काढून घेतं, आणि कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) एखादं लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारा ताबा, नेमकं त्या कोअरच्याच हातात असलं, की बाकीचे तिघे ते सुटण्याची वाट बघत जागच्या जागी गरगरत राहतात. सीपीयू 100 टक्के दिसतो, काम मात्र शून्य. इंटेलच्या 12व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये आणखी एक गोम आहे. मशीनची खिडकी मागे गेली की विंडोज तिला कमी ताकदीच्या ई-कोअरवर ढकलू शकतं. चार्जर लावून पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवा.

रॅम 3 जीबी द्या, फार तर 4. दिलेली रॅम मशीन चालू असेपर्यंत विंडोजच्या हातून गेली, असं समजा. 6 दिली तर उरलेल्या 2 मध्ये विंडोज आणि ब्राउझर कसे मावणार? ते पेजफाइलवर, म्हणजे रॅमऐवजी वापरायच्या डिस्कवरच्या फाइलवर, उतरतात. लिनक्सची डिस्क फाइलही त्याच ड्राइव्हवर, मग दोघांची तिथेच झोंबाझोंबी. लिनक्सच्या बाजूने तपासायला टर्मिनलमध्ये ‘व्हीएमस्टॅट 1’ (vmstat 1) चालवा. ‘एसआय’ (si) आणि ‘एसओ’ (so) या रकान्यांत सतत आकडे हलत असतील तर आत रॅम कमी पडतेय. ते शून्य असून ‘डब्ल्यूए’ (wa, डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) मोठा असेल तर दोष डिस्कचा.

डिस्क फिरती असेल तर एसएसडीला पर्याय नाही, यावर वेळ घालवत नाही. एसएसडी असेल तर स्टोरेज सेटिंगमध्ये ‘सॉलिड-स्टेट ड्राइव्ह’वर खूण करा आणि मशीनचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा. स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) साठवू नका. प्रत्येक स्नॅपशॉटमागे एक नवी फरकाची फाइल तयार होते, आणि वाचताना ती साखळी मागे मागे शोधावी लागते.

माउस अडखळतो, खिडक्या ओढताना फाटतात, तेव्हा दोष ग्राफिक्सचा असतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये व्हिडिओ मेमरी 128 एमबी करा, कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए ठेवा, थ्रीडी अ‍ॅक्सलरेशन चालू करा, मग आतल्या लिनक्समध्ये गेस्ट अ‍ॅडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर) बसवा. त्याआधी बिल्ड-इसेन्शियल (build-essential), डीकेएमएस (dkms) आणि चालू कर्नलचे हेडर्स ही पॅकेजं हवीत, नाहीतर ड्रायव्हरचं मॉड्यूल तयारच होत नाही. एवढं करूनही ग्लेक्सइन्फो (glxinfo) या कमांडच्या रेंडरर ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ (llvmpipe) दिसलं, तर पडद्यावरचं सगळं चित्र सीपीयू काढतोय. मग ग्नोम या जड डेस्कटॉपचा हट्ट सोडा, हलकं एक्सएफसीई घ्या.

राहिला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. बाहेर 45 अंश असताना लॅपटॉप गादीवर ठेवून मशीन चालवलं, की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा गिगाहर्ट्झचा आकडा बघा. काम जोरात चालू असताना तो लिहिलेल्या बेस स्पीडच्याही खाली गेला, तर लिनक्समध्ये शोधण्यासारखं काही नाही. लॅपटॉप टणक टेबलावर ठेवा, मागची कड दोन बोटं उचला, पंख्याची जाळी साफ करून घ्या. आणि कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, त्या हवेबरोबर पाण्याचे तुषारही येतात.