बर्फातली शिशी

[दृश्य: शिरपूरचा आठवडे बाजार]

टोपलीत बेडकीचा पाला, म्हणजे गुडमार. शेजारी जांभळाच्या बियांची पूड. विक्रेता अहिराणीत विचारतो, "शुगर शे का? मंग हाई भुकटी ली जा." हा पाला चावून वर साखर खाल्ली, तर ती वाळूसारखी लागते. पण जीभ फसली म्हणून रक्त फसतं का? ते बघायला आधी मधुमेह झालेला उंदीर लागतो.

[दृश्य: फार्मसी कॉलेजची प्रयोगशाळा]

तो इथे तयार होतो, प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीनं. फिकट पिवळी पूड, नाव स्ट्रेप्टोझोटोसिन. हे मातीतल्या एका जिवाणूचं देणं. १९५०च्या दशकाअखेर ते अँटिबायोटिक म्हणून हाती आलं. १९६३ साली कळलं की त्यानं प्राण्यांना मधुमेह होतो.

रेणू मोठा बेरकी. अंगावर साखरेचा वेश. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीचं ग्लूट-२ नावाचं दार त्याला ग्लुकोज समजून आत घेतं. आत गेला की तो डीएनएची मोडतोड करतो. दुरुस्तीच्या धावपळीत पेशीची सगळी ऊर्जा संपते आणि इन्शुलिन बनवणारी पेशीच मरते.

बाहेर खानदेशी उन्हाळा, आत बर्फात सायट्रेट बफर, म्हणजे आम्लता कायम राखणारं द्रावण, सामू ४.५. पूड विरघळली की काही मिनिटांत टोचायची. गप्पांत वेळ गेला की औषध वाया, आणि ते स्वस्त नाही.

पहिल्या रात्री उलटंच घडतं. मरत्या पेशी साठवलेलं इन्शुलिन सोडून देतात, साखर धाडकन उतरते. म्हणून त्या रात्री उंदरांच्या बाटलीत ग्लुकोजचं पाणी.

भुकटीच्या पाकिटावर 'उंदरांवर सिद्ध' असं छापलेलं दिसलं, तर एवढं विचारा: कुठल्या उंदरांवर? यांच्या पेशी आपण मारल्यात. ओट्यावर बसलेल्या काकांना बहुधा टाइप २ आहे. त्यांच्याकडे इन्शुलिन असतं, पण शरीर त्याला पुरती दाद देत नाही. दोन्ही आजारांना आपण 'शुगर'च म्हणतो.

[दृश्य: पिंजरा, तिसरी सकाळ]

शेपटीच्या टोकावरचा थेंब. ग्लुकोमीटरवर २५०च्या वर आकडा. पण पिंजरे धुणाऱ्या मावशींना तो बघावाच लागत नाही. काल कोरडा घातलेला भुसा आज चिंब, पाण्याची बाटली रिकामी.

"याले झाली," त्या म्हणतात, आणि नवा भुसा पसरतात.